आमची वाटचाल : घाट विचारून केलेले काम

कोल्हापुरातून कोकणात उतरायला आंबा, करूळ, भुईबावडा आणि फोंडा असे घाट आहेत, आणि आजऱ्याकडून गेले तर आंबोली. या घाटांवर रोज ये-जा करणाऱ्या पिकअप गाड्यांचे डिझेल पंप, इंजिने आणि गिअरबॉक्स हेच आमचे काम आहे. शिवाजी उद्यमनगरातल्या एका भाड्याच्या शेडमध्ये आम्ही सुरुवात केली तेव्हा आमच्याजवळ पंप फिरवून तपासायचा एक जुना टेस्ट बेंच, डिझेलची फवारणी तपासायचा एक नोझल टेस्टर आणि उधारीवर घेतलेला पान्यांचा संच होता. बाकी जे लागेल ते शेजारी मिळत असे, कारण उद्यमनगरात लेथ, ग्राइंडिंग आणि ओतकामाची दुकाने भिंतीला भिंत लावून उभी आहेत.

त्या काळी पिकअपला यांत्रिक पंप असत आणि कोणत्याही बनावटीचा पंप असला तरी गिऱ्हाईक त्याला मायको पंपच म्हणत असे. टेस्ट बेंचवर पंप चढवला की समोरच्या काचेच्या नळ्यांत चारही सिलिंडरचे तेल वेगवेगळे पडते, आणि हजार स्ट्रोकनंतर कोणत्या नळीत किती घन सेंटिमीटर आले ते डोळ्यांनी वाचायचे असते. चार नळ्यांतली पातळी एका रेषेत आली की इंजिनाचा आवाज सुधारतो, हे मी पहिल्या महिन्यातच शिकलो. त्या रेषेपेक्षा गिऱ्हाइकाच्या शब्दाला जास्त मान दिला की काय होते, ते शिकायला मात्र आणखी दीड वर्ष लागले.

रत्नागिरीहून मासळी आणणारे एक गाडीवाले आमच्याकडे आले. मासळी आणि बर्फ मिळून त्यांच्या हौद्यात पासिंगच्या दीडपट माल असे, आणि साखरप्यानंतर आंबा घाटाचा चढ लागला की गाडी दुसऱ्या गिअरवर येई. ‘मिस्त्री, पिकअपलाच पिकअप नाही, डिझेल जरा वाढवा,’ एवढेच त्यांचे म्हणणे होते. मी पंप बेंचवर घेतलाच नाही. गाडीवरच डिझेलची कमाल मात्रा ठरवणारा फुल लोडचा स्क्रू अर्धा आटा आत घेतला, गाडी रेज केली, मागून निघालेला काळा धूर पाहिला आणि तीच ताकदीची खूण समजून पैसे घेतले. तीन आठवड्यांनी ती गाडी टोचन करून आमच्या दारात आली. हेड उतरवले तेव्हा तिसऱ्या पिस्टनच्या माथ्यावर मेण वितळावे तसा अंगठ्याएवढा खळगा पडलेला होता आणि त्याच्या कडेने वितळलेल्या धातूचे थेंब गोठले होते.

काळा धूर म्हणजे पुरेशी हवा न मिळाल्यामुळे अर्धवट जळालेले डिझेल. सपाट रस्त्यावर ओव्हरटेक करताना ते क्षणभर जास्त गेले तर इंजिन सहन करते. घाटात मात्र तोच जाळ सलग बराच वेळ पिस्टनच्या माथ्यावर बसतो. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळते आणि पिस्टनची मिश्रधातू त्याच्याही आधी नरम पडते. पुढे तो पंप बेंचवर चढवला तेव्हा दोन नळ्यांत तेल मुळातच कमी पडत असल्याचे दिसले, म्हणजे दुखणे दोन सिलिंडरचे होते आणि मी औषध चौघांना पाजले होते. पिस्टन, लायनर आणि हेड गॅस्केटचा सगळा खर्च आम्ही सोसला, आणि त्या वर्षी नवीन नोझल टेस्टर घेण्याचे राहून गेले.

तेव्हापासून आमच्या जॉब कार्डावर गाडीच्या नंबराखाली दोन रकाने आहेत : कोणता घाट, आणि भरलेली गाडी चढते की उतरते. देशावरची भाजी आणि गूळ खाली जातो. मासळी आणि हापूस वर येतो. चढणाऱ्या गाडीला पंप, नोझल आणि टर्बो तपासून मूळ मापावर आणावे लागते. उतरणाऱ्या गाडीवाल्यालाही ताकदच हवी असते, पण त्याला खरी गरज असते ती गिअरबॉक्सची, कारण ब्रेक तापल्यावर गाडी धरून ठेवायला इंजिनाशिवाय दुसरे कोणी नसते.

आमच्याकडे आलेल्या एका गाडीचा तिसरा गिअर उतारावर सटकत होता म्हणून ड्रायव्हरने जुन्या ट्यूबची पट्टी कापून गिअर लिव्हर सीटला बांधून ठेवला होता. ती पट्टी आम्ही अजून शेडमध्ये खिळ्याला अडकवून ठेवली आहे. अशा गाडीत गिअर अडकवून धरणारा हब नुसता बदलून भागत नाही. शाफ्टचा पुढे-मागे होणारा प्ले, म्हणजे मोकळीक, डायल गेजवर मोजून शिम, म्हणजे पातळ चकत्या, बसवाव्या लागतात. शिवाय ऑइल बघावे लागते. मागच्या चाकांना जोर वाटून देणाऱ्या डिफरन्शिअलला लागणारे जीएल-५ दर्जाचे ऑइल एकाच डब्यातून गिअरबॉक्समध्येही ओतण्याची सवय सगळीकडे आहे, आणि त्यातली गंधकयुक्त रसायने गिअर अलगद पडावा म्हणून बसवलेली पितळी सिंक्रो रिंग हळूहळू खातात. जिथे कंपनीने जीएल-४ सांगितले आहे तिथे जीएल-४ च घालावे, एवढ्या एका गोष्टीवर मी जितका घसा कोरडा केला आहे तितका दुसऱ्या कशावरही केला नसेल.

मोठ्या टायरांची हौस हा वेगळाच विषय आहे. २१५/७५ आर १५ च्या जागी २३५/७५ आर १५ घातले की चाकाचा व्यास सुमारे ७०३ मिलिमीटरवरून ७३३ वर जातो, म्हणजे प्रत्येक गिअर चार टक्क्यांनी उंच होतो आणि ओढ तेवढी घटते. गाडी रुबाबदार दिसते, स्पीडोमीटर कमी दाखवतो आणि क्लच प्लेट जळाली की दोष इंजिनाला मिळतो.

१ एप्रिल २०१७ पासून देशभर गाड्यांच्या धुराचे बीएस-४ निकष लागू झाले आणि पाना-स्क्रूच्या जोरावर चालणारे आमचे बरेच काम हळूहळू आटत गेले. नव्या गाड्यांच्या कॉमन रेलमध्ये, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या सामाईक नळीत, डिझेलचा दाब दीड हजार बारच्या वर जातो आणि किती डिझेल कधी सोडायचे हे ईसीएम, म्हणजे इंजिनाचा संगणक, ठरवतो. स्कॅनर घेतला, लॅपटॉप घेतला, आणि ज्या पुतण्याला आम्ही पाने पुसायला ठेवले होते तोच आम्हाला शिकवू लागला. इंजेक्टर बदलला की त्याच्यावर छापलेला कोड ईसीएममध्ये भरायचा असतो, हे माहीत नसल्यामुळे खडखडत आलेल्या कितीतरी गाड्या नुसते कोड भरून शांत झाल्या. जुनी काचेच्या नळ्यांची नजर मात्र वाया गेली नाही : परतीच्या नळ्यांना चार बाटल्या लावून बॅक लीकेज, म्हणजे इंजेक्टरमधून परत येणारे डिझेल, मोजताना आजही पातळीच बघायची असते.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरानंतर काही आठवडे आम्ही ट्यूनिंग जवळजवळ केलेच नाही. बुडालेल्या गाड्या येत होत्या, आणि मालकांनी सेल्फ मारला नसेल तर इंजिन वाचत होते. मारला असेल तर सिलिंडरमध्ये शिरलेल्या पाण्यामुळे वाकलेला कनेक्टिंग रॉड निघत होता.

आता बीएस-६ च्या गाड्या आहेत आणि आठवड्याला कोणीतरी डीपीएफ, म्हणजे एक्झॉस्टमधली काजळी अडवणारा फिल्टर, काढून मॅपिंग, म्हणजे ईसीएममधली मापे बदलून, करून द्या म्हणून येतोच. आम्ही ते करत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेत असा फेरफार चालत नाही, हे एक कारण. आणि डीपीएफ चोंदण्यामागे बहुधा गाडीचा रोजचा रस्ता असतो, हे दुसरे. दूध संकलनाची गाडी दर किलोमीटरला थांबते, एक्झॉस्ट तापत नाही आणि काजळी जळत नाही. तिला रोज एकदा हायवेवर पंधरा-वीस मिनिटे एकसारखी पळवली तर बऱ्याचदा डॅशबोर्डवरचा डीपीएफचा दिवा आपोआप विझतो. हे सांगण्याचे आम्हाला पैसे मिळत नाहीत आणि काही गिऱ्हाइके तेवढ्यावर नाराज होऊन दुसरीकडे जातात.

डायनो, म्हणजे गाडीची ताकद मोजणारे यंत्र, घेण्याइतकी आमची ऐपत अजून झालेली नाही. गाडी तयार झाली की हौद्यात वाळूची पोती भरून आम्ही वाघबीळहून पन्हाळ्याच्या नाक्यापर्यंत चढवतो आणि कोणत्या वळणावर कोणता गिअर होता, धूर कसा होता, किती मिनिटे लागली हे वहीत लिहितो. जुलै २०२१ च्या पावसात पन्हाळ्याचा रस्ता खचला तेव्हा काही महिने ही चाचणी गगनबावड्याच्या रस्त्यावर हलवावी लागली. त्या काळातल्या नोंदी आम्ही वहीत लाल शाईने वेगळ्या ठेवल्या आहेत, कारण दोन रस्त्यांची मिनिटे एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत.

वितळलेल्या पिस्टनचे ते मासळीवाले आजही येतात. आता त्यांच्या तीन गाड्या आहेत, आणि गाडी लावल्या लावल्या ते आधी बेंच रिकामा आहे का ते बघतात.