पेट्रोलने धुतलेला ब्लॉक

आषाढातल्या एका सकाळी दूधवाले मामा आपली स्प्लेंडर घेऊन गॅरेजपुढे थांबले, तेव्हा त्यांच्यामागे निळसर धुराचा पट्टा अजून रेंगाळत होता. गाडीच्या दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन तसेच अडकवलेले होते, म्हणजे डेअरीत दूध घालून ते थेट माझ्याकडेच आले होते. "मिस्त्री, पंधरा दिवसांत अर्धा लिटर ऑईल प्याली बघा," एवढेच ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि मला तेच अधिक लागले, कारण महिन्यापूर्वी त्या गाडीच्या पिस्टनवरच्या रिंगा मीच बदलल्या होत्या.

माझे गॅरेज कोल्हापुरात, उद्यमनगर या कारखान्यांच्या वसाहतीपासून हाकेच्या अंतरावर आहे. प्रत्येक इंजिनाची मापे मी वहीत लिहून ठेवतो. वही काढून पाहिली, तर त्या दिवशीची नोंद व्यवस्थित होती: सिलिंडरचा व्यास वरच्या भागात ५०.०४ मिलिमीटर, नव्या वरच्या रिंगेच्या तोंडातील, म्हणजे तिच्या दोन टोकांमधली, फट ०.२० मिलिमीटर. या इंजिनाचा मूळ व्यास ५० मिलिमीटर असल्यामुळे तेवढ्या झिजेला बोअर मारण्याची, म्हणजे सिलिंडर कापून मोठा करण्याची, गरज नव्हती. होनिंग करून, म्हणजे भिंत बारीक दगडांनी घासून, नव्या रिंगा बसवल्या की भागणार होते, आणि मी तेच केले होते.

हेड आणि सिलिंडरचा ब्लॉक उतरवेपर्यंत माझा संशय रिंगांवर होता. रिंगा बसल्या नसतील तर सिलिंडरची भिंत आरशासारखी चकचकीत दिसते. जुन्या सिलिंडरवर ऑईल जळून एक कडक, गुळगुळीत थर चढतो. नवी रिंग त्यावर नुसती घसरत राहते आणि तिची कड भिंतीशी जुळत नाही. होनिंगच्या दगडांनी तो थर काढून भिंतीवर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक तिरप्या रेषा पाडायच्या असतात. रेषांच्या माथ्यांवर रिंग घासून आपला आकार घेते आणि खाचांमध्ये ऑईल टिकून राहते. रेषांमधला कोन साधारण पंचेचाळीस ते साठ अंशांचा असावा लागतो आणि तो ड्रिलच्या फेऱ्यांचा वेग व हाताची वरखाली होणारी चाल यांच्या मेळातून येतो. हात सावकाश चालला तर रेषा आडव्या पडतात, घाईने चालला तर उभ्या. हे सांगून येत नाही, दहा-वीस निकामी ब्लॉक खराब करूनच हाताला कळते.

प्रत्यक्षात भिंत चकचकीत नव्हतीच. ती राखेसारखी निस्तेज झाली होती, तिरप्या रेषा पुसल्या गेल्या होत्या आणि त्यांच्या जागी केसासारखे उभे ओरखडे दिसत होते. पिस्टनच्या दोन्ही बाजूंनाही तसेच ओरखडे होते. व्यास मोजणारा बोअर गेज लावला, तर वरच्या भागात ५०.०९ भरले. जुनी रिंग सिलिंडरमध्ये सरळ बसवून फट मोजण्याच्या पातळ पात्यांचा फिलर गेज घातला, तेव्हा ०.२० ची फट ०.५५ झालेली आढळली. जेमतेम अकराशे किलोमीटरमध्ये रिंग आणि भिंत अशा दोन्ही बाजूंनी झिजल्या होत्या. एअर फिल्टर तपासला, तो धड होता. बाहेरून धूळ आलेली नव्हती.

मग मला तो दिवस आठवला. वीज गेली होती, पाणी तापवायची सोय नव्हती, मामांना संध्याकाळच्या दुधाची घाई होती आणि मी होनिंग केलेला ब्लॉक पेट्रोलने दोनदा धुऊन, हवा मारून बसवला होता. पेट्रोलने ऑईल निघून जाते आणि ब्लॉक स्वच्छ दिसतो, पण दगडाची झडलेली पूड ओतीव लोखंडाच्या भिंतीत, त्या नव्या खाचांतच बसून राहते. इंजिन चालू झाल्यावर तीच पूड पॉलिश पेपरसारखी काम करते. रेषा मी नीट पाडल्या होत्या, आणि त्याच रेषांनी पूड धरून ठेवली होती. मामांना मी हे जसेच्या तसे सांगितले. दुसरे काही सांगण्यासारखे नव्हते.

ते थोडा वेळ ब्लॉककडे पाहत राहिले आणि म्हणाले, "कॅनचं बी तसंच असतंय की. नुसतं इसळून भागत नाही, गरम पाणी आन् सोडा घालून तळापर्यंत घासाय लागतंय, न्हाईतर दूध नासतंय."

पंचवीस साईजचा पिस्टन व रिंगा, म्हणजे मूळ मापापेक्षा पाव मिलिमीटर मोठ्या, आणून मी उद्यमनगरात बोअरिंगला गेलो. बोअरिंगवाल्याला पिस्टन सोबत द्यावाच लागतो, कारण सिलिंडर छापील आकड्याला नव्हे, त्या विशिष्ट पिस्टनला जुळवून घ्यायचा असतो. ते आधी बोअर मारून थोडे माप शिल्लक ठेवतात आणि उरलेले होनिंगने काढतात. (हे सगळे लोखंडी लायनरला लागू आहे, निकासिल नावाचा कठीण लेप असलेल्या सिलिंडरवर असले दगड फिरवणे म्हणजे लेप उखडणे.) परत आलो तेव्हा दुपार झाली होती आणि मामांनी कुठूनतरी पातेले मिळवून स्टोव्हवर पाणी चढवले होते.

ब्लॉक त्यांनीच मागून घेतला. कॅनला बांधलेला लांब दांड्याचा नायलॉनचा ब्रश काढला, कढत पाण्यात कपडे धुण्याची पावडर टाकली आणि रेषांच्या दिशेने, वरून खाली आणि खालून वर, ते घासत राहिले. मी जुन्या धोतराचे तुकडे फाडून ठेवले होते. धुऊन झाल्यावर तुकड्याला इंजिन ऑईल लावून भिंतीवरून फिरवला, तो करडा निघाला. दुसऱ्यांदा धुतला, तरीही करडा. तिसऱ्यांदा फक्त बोटाएवढा डाग आला आणि मला वाटले की आता पुरे, पण मामांनी तुकडा उजेडात धरून पुन्हा पाणी ओतले. चौथा तुकडा पांढरा राहिला. त्या ओल्या हवेत कोरडे लोखंड पाहता पाहता तांबूस पडते, म्हणून मी क्षणाचाही विलंब न करता ब्लॉकला ऑईल चोपडले.

पुढचे काम नेहमीचे. रिंगेची फट पुन्हा मोजली, खुणेची बाजू वर ठेवली, तिन्ही रिंगांची तोंडे एकमेकांपासून एक तृतीयांश वर्तुळावर फिरवली आणि पिस्टनवरील 'आयएन' ही अक्षरे इनटेकच्या बाजूला आणली. पिस्टनची पिन धरणारी सर्क्लिप आत पडू नये म्हणून क्रँककेसच्या, म्हणजे इंजिनाच्या पेटीच्या, तोंडात फडके कोंबले. सुरू केल्यावर मिनिटभर धूर आला, तो लावलेल्या ऑईलचा होता, आणि मग थांबला. पहिले पाचशे किलोमीटर एका वेगात रेटू नका, चढावर गिअर कमी करा, असे सांगून मी पैसे नाकारले. त्यांनी पिस्टन-रिंगांचे तेवढे दिलेच.

पाचशे किलोमीटरला ऑईल बदलायला ते आले, तेव्हा ट्रेमधल्या जुन्या ऑईलमध्ये मी बोट बुडवून दोन बोटांत चोळून पाहिले. खरखर लागली नाही. मामांनीही बोट बुडवले, चोळले आणि माझ्याच फडक्याला पुसले. त्यांचा ब्रश तेव्हापासून माझ्या होनिंगच्या ड्रिलशेजारी खिळ्याला टांगलेला आहे. त्यांनी तो अजून मागितलेला नाही.