पुणे–नागपूर विमानाचे तिकीट नेमके कधी काढावे?

नोकरीनिमित्त पुण्यात स्थायिक झालेल्या आम्हा वैदर्भीयांच्या घरोघरी दिवाळीच्या महिनाभर आधी एकच विषय निघतो, तो म्हणजे नागपूरच्या विमानाचे भाडे. कंपन्या मनाला येईल तो आकडा लावतात, अशी सर्वसाधारण समजूत आहे. पण भाडे कशावरून चढते हे समजले, तर तिकीट केव्हा काढायचे हेही बऱ्याच अंशी ठरवता येते.

या मार्गावर येणाऱ्या एअरबस ए३२० विमानात साधारण 180 आसने असतात. ही सगळी आसने इकॉनॉमीचीच असली, तरी विक्रीसाठी ती अनेक भाडेवर्गांत विभागलेली असतात आणि स्वस्त वर्गातील आसने संपली की पुढचा महाग वर्ग दाखवला जातो. स्वस्त वर्ग कधी बंद करायचा, याचे सूत्र बीओएसी या ब्रिटिश विमानकंपनीतील केन लिटलवुड यांनी 1972 साली मांडले. समजा, आज एक आसन 3,500 रुपयांना विकता येते आणि तेच राखून ठेवले तर शेवटच्या आठवड्यात 9,000 रुपये देणारा प्रवासी मिळण्याची शक्यता 40 टक्के आहे. 9,000 चे 40 टक्के म्हणजे 3,600 रुपये. ते 3,500 पेक्षा जास्त असल्यामुळे कंपनी ते आसन आज स्वस्तात विकणार नाही. आजच्या प्रणाली यापेक्षा कितीतरी गुंतागुंतीच्या असल्या, तरी त्यांच्या मुळाशी हाच हिशोब आहे.

मंगळवारी मध्यरात्री तिकिटे स्वस्त होतात किंवा ब्राउझर बदलला की भाडे उतरते, या ऐकीव गोष्टींमागे धावण्यापेक्षा एक गोष्ट अवश्य करून पाहावी. चौघांचे तिकीट एकत्र शोधले आणि स्वस्त वर्गात दोनच आसने उरलेली असली, तर बहुतेक वेळा चौघांनाही वरच्या वर्गाचे भाडे दाखवले जाते. म्हणून आधी एकट्याचे भाडे पाहावे आणि फरक दिसला तर दोन-दोन तिकिटे वेगवेगळी काढावीत. लहान मुले सोबत असतील तर मात्र प्रत्येक तिकिटावर एक मोठे माणूस असू द्यावे.

दिवाळीपूर्वी पुण्याहून नागपूरकडे आणि भाऊबीजेनंतर नागपूरहून पुण्याकडे गर्दी असते. कंपनीलाही हे वर्षभर आधीपासून ठाऊक असल्यामुळे या दिवसांचे स्वस्त वर्ग मुळातच थोडे ठेवलेले असतात. तेथे भाव उतरण्याची वाट पाहणे व्यर्थ आहे, रजा मंजूर होताच तिकीट काढावे. त्याच सुमारास उलट दिशेची विमाने रिकामी जातात, त्यामुळे आईवडिलांनाच पुण्याला बोलावणे पुष्कळदा परवडते. एरवी आठवड्याच्या मधल्या वारी जायचे असेल, तर तीन-चार आठवडे आधी भाडे पाहिले तरी चालते.

या पद्धतीतील मला खरोखर खुपणारी बाब म्हणजे, घरी कोणी अत्यवस्थ असल्याचा निरोप आल्यावर निघणाऱ्या माणसालाही शेवटच्या क्षणी कामासाठी निघालेल्या व्यावसायिकाचेच भाडे पडते. डिसेंबर 2025 मध्ये इंडिगोची उड्डाणे मोठ्या संख्येने रद्द झाली, तेव्हा केंद्र सरकारने अंतरानुसार कमाल भाडे ठरवून दिले. 500 ते 1,000 किलोमीटरसाठी ते 12,000 रुपये होते. आणीबाणीत असा हस्तक्षेप हवाच. मात्र कायमचे भाडेनियंत्रण मला पटत नाही, कारण मे 2020 ते ऑगस्ट 2022 या काळात सरकारने ठरवून दिलेल्या विमानभाड्यांत कमाल मर्यादेबरोबर किमान मर्यादाही होती आणि त्या किमान मर्यादेखाली तिकीट देण्याची मुभाच कंपन्यांना नव्हती.

स्वस्त तिकीट रद्द केले तर मूळ भाडे बहुतेक बुडतेच. तरीही, तिकिटावर ‘परतावा नाही’ असे लिहिलेले असले तरी वैधानिक कर आणि विमानतळ वापर शुल्क परत केले पाहिजे, असा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम आहे. ही रक्कम आपणहून जमा झाली नाही, तर कंपनीकडे लेखी मागावी.