दारावरचं नाव

रविवार, २३ नोव्हेंबर

काल रोझमाँटच्या प्रदर्शनात पाय दुखेस्तोवर फिरलो. दर नोव्हेंबरात शिकागोच्या विमानतळाजवळच्या त्या भल्या मोठ्या हॉलमध्ये साठ-सत्तरच्या दशकातल्या मसल कार, म्हणजे दांडग्या इंजिनाच्या गाड्या, येतात. इतक्या लखलखीत, की बॉनेटमध्ये बघून भांग पाडावा. फॅक्टरीतून बाहेर पडल्या त्या दिवशीही त्या एवढ्या स्वच्छ नसणार.

एका डॉज डार्टच्या दारावर मोठ्या अक्षरांत नाव होतं, ‘मिस्टर नॉर्म्स ग्रँड स्पॉल्डिंग डॉज’. शेजारचा पोरगा बापाला विचारत होता, हा नॉर्म कोण, रेसर होता का? बापालाही माहीत नव्हतं. मला राहवलं नाही. म्हटलं, रेसर नाही बाबा, दुकानदार होता.

नॉर्म क्राउस. ग्रँड आणि स्पॉल्डिंग हे शिकागोच्या वेस्ट साइडचे दोन रस्ते, ते जिथे एकमेकांना छेदतात तिथे याची डॉजची शोरूम. १९६९ मध्ये अमरावतीहून शिकायला आलो, तेव्हा ग्रँड अव्हेन्यूच्या बसमधून ती दिसायची. शनिवारी तिथे जत्रा भरलेली असे. गाडी घेणारे दहा तर नुसतं बघणारे शंभर, आणि त्या शंभरांत मी. या माणसाने शोरूममध्ये डायनो बसवला होता. विकलेली जोरदार गाडी गिऱ्हाइकाच्या ताब्यात देण्याआधी रोलरवर चढवायची, तिचा दम मोजायचा, कार्ब्युरेटर-इग्निशन जुळवायचं आणि मगच किल्ली द्यायची. डार्टसारख्या छोट्या गाडीत ३८३ क्युबिक इंचाचं इंजिन बसत नाही असं कंपनीवाले म्हणत होते, तेव्हा यांनी १९६७ मध्ये ते आपल्या दुकानात बसवून दाखवलं. पुढच्या वर्षी ४४०.

तिकडे आयर्विंग पार्क रोडवर निकी शेव्हरोले. त्यांच्या पाटीवरचा ‘के’ मुद्दाम उलटा काढलेला. शेव्हरोलेच्या कमारो गाडीत ४२७ क्युबिक इंचाचं इंजिन बसवून द्यायचे. मिस्टर नॉर्म की निकी, यावरून मुलं हमरीतुमरीवर यायची. माझ्याकडे सायकलसुद्धा नव्हती, पण माझंही मत ठाम होतं.

दुकानदार रेसिंगमध्ये कसे शिरले, हे त्या पोराला सांगायचं राहूनच गेलं. बाप त्याला ओढून पुढे घेऊन गेला. इथे लिहितो. १९५७ मध्ये अमेरिकन गाडीकंपन्यांनी आपसात ठरवलं, रेसिंगला हात लावायचा नाही. काही वर्षांत सगळ्यांनीच तो ठराव गुंडाळला. मग १९६३ च्या जानेवारीत जनरल मोटर्सने पुन्हा फर्मान काढलं, रेसिंग बंद. पण डेट्रॉइटमधल्या इंजिनिअरांच्या अंगातली खुमखुमी फर्मानाने थोडीच जाणार? मालक सोवळ्यात, आणि सुटे भाग मागच्या दाराने डीलरकडे. डीलर तर स्वतंत्र व्यापारी, त्याला कोण अडवणार? मिशिगनमध्ये रॉयल पॉन्टिअॅक या डीलरने हा रस्ता त्याआधीच दाखवला होता. त्यांची कॅटालिना गाडी घेऊन जिम वँगर्सने १९६० ची ‘नॅशनल्स’मधली, म्हणजे ड्रॅग रेसिंगच्या राष्ट्रीय स्पर्धेतली, आपल्या वर्गाची शर्यत मारली होती. ऱ्होड आयलंडच्या बॉब टास्काच्या नावावर तर एक म्हणच सांगतात, रविवारी जिंका, सोमवारी विका.

तो रविवार मी पहिल्यांदा पाहिला नोकरी लागल्यावर. इंडियानातल्या गॅरी शहरात पोलाद कारखान्यात होतो. आमच्या शॉपमधला एक पोलिश वंशाचा मशिनिस्ट मला यू.एस. ३० ला घेऊन गेला. इंडियानात, त्याच नावाच्या हायवेजवळची ड्रॅग स्ट्रिप. तिची जाहिरात आठवडाभर रेडिओवर चालायची, ‘संडे! संडे!’ असं ओरडत. जॅन गेब्रिएल नावाच्या निवेदकाचा आवाज. इंग्रजी माझं बेताचंच होतं तेव्हा, पण ती जाहिरात तोंडपाठ होती.

सरळसोट डांबरी पट्टी, पाव मैल, म्हणजे १३२० फूट. दोन गाड्या शेजारी शेजारी. मध्ये दिव्यांचा खांब, त्याला ख्रिसमस ट्री म्हणतात. पिवळे उतरत येतात, हिरवा लागला की सुटायचं. आधी सुटलात तर लाल, खेळ खलास. सुटण्याआधी मागच्या टायरखाली ब्लीच ओतून चाकं जागच्या जागी गरागरा फिरवायची, म्हणजे रबर तापून रस्त्याला चिकटतं. तो धूर, तो ब्लीचचा उग्र वास! आणि नायट्रोमिथेन हे जहाल इंधन जाळणाऱ्या, ‘फनी कार’ म्हणतात त्या खास शर्यतीच्या गाड्या आल्या की डोळ्यांतून पाणी. आवाज कानाने ऐकायचा नसतोच, तो छातीत लागतो. ‘ची-टाउन हसलर’ या शिकागोच्याच गाडीने केलेला लांबलचक धूर पाहून माझ्या शेजारी बसलेल्या आजीबाई उभ्या राहून शिट्ट्या मारत होत्या.

मला मात्र हे सगळं परकं वाटलंच नाही. आमच्याकडे शंकरपटात जोडी सुटते तेव्हा भोंग्यावर पुकारा होतो तो बैलजोडीच्या मालकाचा. धुरकऱ्याचं नाव नंतर, जमलं तर. इथेही तेच. लाउडस्पीकरवर दुकानाचं नाव, दारावर दुकानाचं नाव हातभर, आणि चालवणाऱ्याचं बोटभर, खिडकीखाली. गॅरी डायर मिस्टर नॉर्मची गाडी पळवायचा हे जाणकारांना ठाऊक, पण लोक ओरडायचे ‘नॉर्म! नॉर्म!’ ज्यांनी त्या दुकानातून गाडी घेतली होती त्यांना वाटायचं, आपलीच जिंकली.

मोठ्या नावांपेक्षा मला लहान डीलर जास्त आठवतात. आमच्या मशिनिस्टकडे शेव्हरोलेची शेव्हेल गाडी होती. गावातल्या डीलरने त्याला सुटे भाग सवलतीत द्यायचे, आणि त्याबदल्यात यानं दारावर दुकानाचं नाव रंगवायचं. करार एवढाच. कागद नाही की वकील नाही. याच गाडीने तो आठवडाभर कामाला यायचा. रविवारी मैदानातच जॅक लावून मागची चाकं काढायची, गुळगुळीत स्लिक्स चढवायचे, एक्झॉस्ट मोकळा सोडायचा. काचेवर बुटाच्या पांढऱ्या पॉलिशने आकडा लिहायचा, आपली गाडी किती सेकंदांत जाईल तो. ब्रॅकेट रेसिंग नुकतंच रुजत होतं. हळू गाडीला आधी सोडतात, आणि स्वतः लिहिलेल्या आकड्यापेक्षा वेगात गेलात तरी हरलात. जोर नव्हे, नेम लागतो त्याला. संध्याकाळी परत चाकं बदलून घरी. डीलर स्वतः खुर्ची टाकून बसलेला असायचा. गाडी हरली की तो घड्याळ बघे, कारण सोमवारी सर्व्हिसला येणारा प्रत्येक माणूस त्याला त्यावरून छळणार हे नक्की.

सगळेच दुकानदार हुशार होते असंही नाही. इलिनॉयच्या पश्चिमेला ला हार्प नावाचं टीचभर गाव आहे. तिथल्या फ्रेड गिब या शेव्हरोले डीलरने १९६९ साठी अख्ख्या ॲल्युमिनियमच्या ४२७ इंजिनाच्या ५० कमारो मागवल्या. झेडएल-१. ५० का, तर एनएचआरए या ड्रॅग रेसिंगच्या संघटनेच्या नियमाप्रमाणे तेवढ्या बनल्याशिवाय ती शर्यतीला पात्र नव्हती. ऑर्डर दिली टॅक्सी आणि पोलिसांच्या गाड्या मागवायच्या ‘कोपो’ या खिडकीतून. गाड्या आल्या तेव्हा किंमत ७२०० डॉलरच्या वर, आणि नुसत्या इंजिनाचेच त्यात ४१६० डॉलर! ला हार्पमध्ये कोण घेणार? शेवटी बहुतेक कंपनीला परत करून दुसऱ्या डीलरांकडे पाठवाव्या लागल्या. इतर डीलरांनी मागवलेल्या धरून एकूण ६९ बनल्या. त्यातली एक काल दोरी लावून उभी होती, भोवती माणसं कुजबुजत होती, देवळात असल्यासारखी. मला गिबसाहेबांचा चेहरा दिसत होता, बिल उघडतानाचा.

मग सगळंच आटलं. विम्याचे हप्ते तरुण पोरांच्या पगाराएवढे झाले, १९७१ पासून धुराच्या नियमांपायी इंजिनांचं कॉम्प्रेशन उतरलं, १९७३ च्या ऑक्टोबरात तेल अडलं. इलिनॉयमधल्या ऑस्वेगोची ड्रॅग स्ट्रिप १९७९ मध्ये बंद झाली, यू.एस. ३० १९८४ मध्ये. नॉर्म क्राउस २०२१ मध्ये गेला. लोक म्हणतात, तेव्हाचा वेग गेला. वेग कुठे गेलाय? आता विजेवर चालणारी कौटुंबिक गाडी त्या शेव्हेलला सहज मागे टाकेल. नाहीसं झालं ते हे, की रविवारी जी गाडी पळाली ती कोणाच्या दुकानातली, आणि ते दुकान आपल्या घरापासून किती चौकांवर, हे सगळ्या गावाला ठाऊक असे. आज ड्रॅगस्टरवर तेलकंपन्यांची आणि सुट्या भागांच्या साखळी दुकानांची नावं असतात. त्या नावांना छळायला सोमवारी कोणाकडे जाणार?

प्रदर्शनातल्या गाड्यांवर माझा राग नाही, त्यांच्यामुळे निदान नावं तरी टिकलीत. पण दारावरची ती अक्षरं काल इतकी रेखीव होती की बघवेना. आमच्या मशिनिस्टच्या शेव्हेलवरचं नाव साइनबोर्डवाल्याने जेवणाच्या सुट्टीत रंगवलं होतं, शेवटची दोन अक्षरं हँडलपाशी दाटीवाटीने कोंबलेली.

विस्कॉन्सिनच्या युनियन ग्रोव्हची ग्रेट लेक्स ड्रॅगअवे ही ड्रॅग स्ट्रिप मात्र १९५५ पासून चालू आहे. पुढच्या उन्हाळ्यात जायचं ठरवलंय. हिला म्हटलं, चल, कानात घालायला बोळे देतो. ती म्हणाली, “अहो, तुम्हाला माझं हाक मारणं ऐकू येत नाही, ते तिथूनच. आता मलाही बहिरी करताय का?” तरी डबा काय न्यायचा ते तिनेच विचारलं.