कोरा टोस्टही मऊ पडतो

पार्ल्यातल्या एका गच्चीवर मे महिन्यातली संध्याकाळ, ४० पाहुणे आणि पुढे जेवण. जेवणाआधीच्या टोस्टचं काम माझ्याकडे होतं. अशा वेळी माणशी ५ टोस्ट पुरतात, म्हणजे २०० नग. यजमानीणबाईंना सगळी ताटं सहालाच भरून हवी होती. "ताई, पाहुणे आले की धावपळ नको हो." मी डब्यातून काही टोस्ट काढले आणि वर काहीही न लावता कठड्याजवळच्या टेबलावर ठेवले. अर्ध्या तासाने त्यांनी त्यातला एक मोडून पाहिला. तो मोडेना, नुसता वाकला. डब्यातला दिला, तो कट्कन तुटला. मग ताटांचा विषय मिटला.

टोमॅटोच्या पाण्याने टोस्ट मऊ पडतो हे सगळ्यांना माहीत असतं. पण मुंबईत कोरा टोस्टसुद्धा मऊ पडतो, कारण नीट वाळवलेला पाव हवेतला ओलावा ओढून घेतो. संध्याकाळी तापमान उतरलं की हवेची सापेक्ष आर्द्रता वाढते, आणि आपले पाहुणे नेमके तेव्हाच येतात.

म्हणून पाव निवडण्यापासून काळजी घ्यायची. मला ब्रून, म्हणजे कडक सालीचा पाव, आवडतो, तोही आदल्या दिवशीचा. करवती सुरीने एक सेंटिमीटर जाडीच्या चकत्या केल्या की टोकं सोडून एका ब्रूनच्या चार निघतात. २०० साठी ५५ ब्रून घ्यावेत, थोडे तुटतातच. सँडविच ब्रेड यासाठी नको: त्यात साखर आणि ओलावा जास्त, बाहेरून पटकन लाल होतो आणि आत दमट राहतो. तव्यावर मोठ्या आचेचंही तेच होतं. ओव्हन १५० अंशांवर ठेवून, एकदा उलटून, १५ ते १८ मिनिटं. रंग फिका सोनेरी चालेल, पण मधोमध दाबल्यावर अजिबात दबता कामा नये. मग जाळीवर पूर्ण गार करायचे आणि घट्ट झाकणाच्या डब्यात भरायचे. कोमट असताना डबा लावला तर आतलीच वाफ सगळी मेहनत वाया घालवते.

त्या दिवशी तीन प्रकार होते. टोमॅटोच्या टोस्टला दीड किलो घट्ट टोमॅटो: बिया काढून बारीक चिरले, मीठ लावून २० मिनिटं चाळणीत निथळले. खाली बेसिल आणि लसूण घातलेल्या मऊ लोण्याचा थर, अगदी कडेपर्यंत. हा थर चवीला आहेच, पण त्याचं खरं काम पाणी अडवण्याचं. कड कोरी राहिली तर टोस्ट तिथूनच भिजायला लागतो. जैन पाहुण्यांसाठी लसणाऐवजी भरडलेले मिरे घातलेलं लोणी, आणि त्याचा डबा, सुरी, चमचा सगळं वेगळं.

दुसरा काकडी-चक्क्याचा. २ किलो सायीचं दही रात्रभर फ्रीजमध्येच टांगलं. मे महिन्यात ओट्यावर टांगलं तर सकाळपर्यंत आंबट ढाण. काकडी किसून, मीठ लावून, फडक्यात कचकचून पिळायची. चक्क्यात आणखी मीठ अगदी शेवटी, नाहीतर तो पुन्हा पाणी सोडतो. वरून भाजलेल्या जिऱ्याची पूड.

तिसऱ्यात हापूस, आणि माझ्या मते उन्हाळ्याचा खरा टोस्ट हाच. आंबा पिकलेला पण हाताला घट्ट लागणारा हवा; फार पिकलेला रसासाठी ठेवावा. खाली २ चमचे साय घालून मळलेलं पनीर, वर बारीक फोडी, हिरवी मिरची, पुदिना, काळं मीठ. लिंबू फोडींवर आधी पिळायचं नाही, वाढताना दोन थेंब. फोडीही शेवटीच कराव्या, कापून ठेवलेला आंबा रस सोडत राहतो.

वरचं सगळं बर्फाच्या पेटीत आणि टोस्ट डब्यात, अशी गच्चीवर मांडणी केली. एक मुलगी लोणी-पनीर लावणार, दुसरी त्यावर चमचाभर, म्हणजे साधारण १२ ग्रॅम, ठेवणार. एका वेळी २० ते २४ च नग, कारण लावल्यापासून दहा मिनिटांत ते तोंडात गेले पाहिजेत. चमचा जास्त भरायचा मोह होतो, तो आवरावा; जड टोस्ट हातातच फुटतो. चक्क्याचं भांडं तासाभरापेक्षा जास्त बर्फाबाहेर ठेवलं नाही, पेटीतूनच थोडं थोडं काढत राहिलो. कठड्याजवळचे वाकलेले टोस्ट १२० अंशांवर पाच मिनिटांत पुन्हा कडक झाले, तेही वाढले. ब्रूनची उरलेली टोकं वाळवून कुटली, दुसऱ्या दिवशीच्या कटलेटना लावायला.