तुम्ही विचारलंत म्हणून: आठ चेकपैकी माझा कोणता?

पॅरामाउंटचा १९३२ सालचा 'इफ आय हॅड अ मिलियन' हा सिनेमा ज्यांनी पाहिलाय, ते गप्पांत हटकून विचारतात, "त्यातली तुमची आवडती गोष्ट कोणती? चार्ल्स लाफ्टनने काम केलेली, कारकुनाचीच ना?" मी नाही म्हटलं की थोडे हिरमुसतात.

पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ग्लिडन नावाचा गडगंज उद्योगपती मरणपंथाला लागलाय आणि नातेवाईक इस्टेटीवर टपून बसलेत. त्यांच्या हाती काही लागू नये म्हणून हा गृहस्थ औषधाच्या ड्रॉपरने शहराच्या डिरेक्टरीवर थेंब टाकतो. ज्याच्या नावावर थेंब पडेल त्याला दहा लाख डॉलरचा चेक. पहिला थेंब पडतो थेट अब्जाधीश तेलसम्राट जॉन डी. रॉकफेलरवर! तो अर्थातच बाद. मग आठ अनोळखी माणसं, आठ गोष्टी, आणि दिग्दर्शकही वेगवेगळे.

लाफ्टनची गोष्ट अर्न्स्ट लुबिचने केलीय. टेबलांच्या रांगांमध्ये बसलेला एक कारकून पाकीट उघडतो. चेहऱ्यावरची रेषही हलत नाही. उठतो, जिना चढतो, एकामागून एक दारं ओलांडतो, साहेबाच्या दाराशी टाय नीट करतो. आत जाऊन साहेबाचं नाव विचारून खात्री करतो आणि जीभ काढून फर्रर्र करतो. खेळ खलास. आयुष्यात कधी नोकरी केलेल्या माणसाला हे आवडणारच, मलाही आवडतं. पण ते हसू तिथेच संपतं.

माझी गोष्ट जॉर्ज राफ्ट या नटाची. त्याने रंगवलेला एडी खोटे चेक वटवण्यात मुरलेला, पोलीस मागावर. अशा माणसाच्या हातात अगदी खरा चेक पडतो. बँकेत जावं तर अटक. जुन्या साथीदारांकडे जावं, तर ते हसतात: हा खोटाच, दुसरं काय! झोपेने डोळे मिटायला लागलेला एडी शेवटी एका भिकार मुसाफिरखान्यात दहा सेंटच्या खाटेसाठी दहा लाखांचा चेक तारण ठेवतो. मालकाला वाटतं, हा ठार वेडा. तो पोलिसांना बोलावतो आणि त्याच चेकने सिगार पेटवतो.

चेक म्हणजे पैसा नव्हे, हे इतक्या क्रूरपणे दुसऱ्या कुठल्या सिनेमाने सांगितलेलं मला आठवत नाही. कागदाला किंमत येते ती समोरच्याने तुमच्यावर विश्वास ठेवला तर. आणि हे पाहत कोण होतं? महामंदीतले अमेरिकन. हजारो बँका बुडाल्या होत्या, पासबुकावर आकडा दिसतोय पण काढायला गेलं तर दार बंद, अशी गत. पुढच्याच मार्चमध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टने देशातल्या सगळ्या बँका काही दिवस बंद ठेवल्या. त्या प्रेक्षकांना एडीवर नुसतं हसता आलं असेल का, मला शंका आहे.

गॅरी कूपरच्या गोष्टीत हाच धागा गमतीने येतो. कोठडीतल्या तीन मरीन सैनिकांना चेक मिळतो नेमका १ एप्रिलला. म्हणजे थट्टाच! निरक्षर खाणावळवाल्याला तो दहा डॉलरचा चेक म्हणून देतात आणि पैसे घेऊन जत्रेला जातात. पुढे तोच खाणावळवाला ऐटीत मोटारीतून उतरताना दिसतो, आणि हे तिघे पुन्हा गजाआड. राफ्टवर कुणी विश्वास ठेवत नाही, यांचा स्वतःच्याच नशिबावर बसत नाही.

बाकीच्यांबद्दल फार बोलण्यासारखं नाही. मृत्युदंड झालेल्या कैद्याची गोष्ट रडकी, मला जमत नाही. काचसामानाच्या दुकानातला तो सशाला दोरी बांधून येणारा सेल्समन झकास, पण त्याची तोडफोड आधीच ओळखता येते. डब्ल्यू. सी. फील्ड्स रस्त्यावरच्या माजोऱ्या ड्रायव्हरांना गाड्या ठोकत सुटतो, ती गोष्ट आपल्या कुठल्याही शहरात आज टाळ्या घेईल. व्हायोलेट नावाच्या वेश्येला मात्र विसरू नका. ती उंची हॉटेलात खोली घेते, पलंगावरची दुसरी उशी काढून टाकते आणि एकटी झोपते. दुसऱ्या नंबरावर मी तिलाच ठेवीन, लाफ्टनच्या वर.

आता यावर भांडायचं असेल तर खुशाल भांडा. फक्त आधी राफ्टची गोष्ट पुन्हा एकदा बघून या.