शिंगरू घेतलं!

आज कुमैत (तांबूस-तपकिरी अंग, काळी आयाळ) शिंगरू घेतलं, सहा महिन्यांचं. काय चाल आहे त्याची! बेंबीपाशी छोटा फुगवटा आहे, नाभीचा हर्निया, म्हणजे पोटाच्या भिंतीतल्या छिद्रातून आतला भाग बाहेर डोकावतो. विकणाऱ्यानं तो स्वतःहून दाखवला, हे मला फार भावलं. डॉक्टरांनी बोटांनी दाबला तर सहज आत गेला. गरम नाही, दुखतही नाही. असं लहान छिद्र बरेचदा वर्षभरात आपोआप बुजतं, नाहीतर शस्त्रक्रिया. पण गाठ कडक झाली, आत जाईना, शिंगरू पोटदुखीनं लोळू लागलं, तर आतडं अडकलेलं असू शकतं. तेव्हा क्षणभरही थांबायचं नाही. म्हणून रोज हात लावून बघणार. दोष आनुवंशिक असू शकतो, तेव्हा पैदाशीचा विचार तूर्त नाही. घरचे अजून साशंक आहेत, मी अजिबात नाही.