मुलीसाठी आयरिश नाव: उच्चार, स्पेलिंग आणि फादा

नवरा आयर्लंडमधल्या गॉलवेचा, मी साताऱ्याची. मुलीचं नाव जुनं गेलिक, म्हणजे आयरिश भाषेतलं, हवं आणि ते साताऱ्यालाही सहज घेता यावं, एवढ्या दोनच अटी आम्ही घातल्या होत्या. कागदावर सोप्या वाटणाऱ्या या अटींनी बरीच आवडती नावं गळाली. आयर्लंडमध्ये आता मराठी घरं पुष्कळ आहेत आणि हा प्रश्न अनेकांना पडतो, म्हणून जे कळलं ते मांडते. अक्षरांची नावं इंग्रजी धरली आहेत: ए, ई, आय, ओ, यू.

आयरिश स्पेलिंग आपल्याला अवघड वाटतं, कारण आपण ते इंग्रजीच्या सवयीने वाचतो. त्याचे नियम वेगळे आहेत आणि इंग्रजीपेक्षा ते कितीतरी शिस्तीने पाळले जातात. पारंपरिक वर्णमालेत 18 अक्षरं; जे, के, क्यू, व्ही, डब्ल्यू, एक्स, वाय, झेड नाहीत. मग ‘व’ कसा लिहायचा? बी किंवा एमपुढे एच जोडून. जुन्या गेलिक लिपीत हा एच नव्हताच, व्यंजनाच्या डोक्यावर फक्त टिंब असायचं. विसाव्या शतकाच्या मध्यावर छपाई रोमन लिपीत आली, टिंबाच्या जागी एच बसला आणि स्पेलिंग लांबलचक दिसू लागली. टी-एच म्हणजे ‘ह’. एफ-एच म्हणजे काहीच नाही, तो मुका.

दुसरा नियम स्वरांचा. ई आणि आय हे बारीक स्वर, तर ए, ओ, यू हे रुंद. व्यंजनाच्या शेजारी जो स्वर असेल त्याप्रमाणे व्यंजनाचा उच्चार बदलतो. बारीक स्वराजवळचा एस म्हणजे ‘श’, रुंद स्वराजवळचा ‘स’. व्यंजनाच्या दोन्ही बाजूंना एकाच जातीचे स्वर लागतात, म्हणून कितीतरी स्वर उच्चारासाठी नसतातच, ते फक्त शेजारच्या व्यंजनाची जात सांगायला उभे असतात. हे एकदा समजलं की नाव सोडवता येतं. सीर्शा घ्या: एस-ए-ओ-आय-आर-एस-ई. पहिल्या एसजवळ ए, म्हणून ‘स’. ए-ओ-आय मिळून दीर्घ ‘ई’. दुसऱ्या एसनंतर ई, म्हणून ‘श’. शेवटचा ई ओझरता ‘अ’, जो मराठी तोंडात ‘आ’ होतो. किंवा एस-ए-डी-एच-बी-एच बघा. पहिल्यांदा पाहिलं की वाचायचं तरी कुठून असं होतं. पण ए-डी-एच मिळून ‘आय’ आणि बी-एच म्हणजे ‘व’, की झालं सायव. त्याच न्यायाने टी-ए-डी-एच-जी म्हणजे तायग. इथे मी मुद्दाम ‘त’ लिहिला आहे. आयरिशमधला रुंद टी दातांवर जीभ टेकवून म्हणतात, म्हणजे आपला ‘त’च. डब्लिनमध्ये इंग्रजी बोलता बोलता नाव घेणारे ‘टायग’ म्हणतात, पण गेलटाख्टमध्ये, म्हणजे जिथे रोजची भाषा आयरिश आहे तिथे, ‘त’ स्वच्छ ऐकू येतो.

फादा म्हणजे स्वरावरची उजवीकडे वर जाणारी रेघ. आपल्या ह्रस्व-दीर्घासारखं तिचं काम: आय म्हणजे ‘इ’, फादावाला आय म्हणजे ‘ई’. ती शोभेची नाही. एस-ई-ए-एन मधल्या एवर फादा असेल तर शॉन हे नाव, नसेल तर तो ‘जुना’ या अर्थाचा साधा शब्द. रेघ डावीकडे झुकली तर ती स्कॉटिश गेलिकची खूण, आयरिश नावात ती चूक ठरते. आणि उगाच जास्तीचा फादा घालण्याचीही चूक होते. आय-ए ही जोडी मुळातच ‘ईअ’ अशी लांब आहे, ए-ओ-आयही लांबच. नीव किंवा कीरा या नावांत आयवर फादा लागत नाही.

बोली मात्र तीन: अल्स्टर, कॉनॉट, मन्स्टर. सी-ए-ओ-आय-एम-एच-ई हे नाव उत्तरेत कीव्हा, इतरत्र क्वीव्हा. दोन्ही बरोबर. सीर्शाला काही घरांत सर्शा म्हणतात, अभिनेत्री सर्शा रोनन स्वतःचं नाव तसंच सांगते. त्यामुळे आपल्या घरात कुठला उच्चार चालणार हे आईवडिलांनी आधी ठरवावं आणि सगळ्यांना तोच सांगावा. ऐकून खात्री करायला दोन जागा उत्तम आहेत. त्यांगलन या ऑनलाइन शब्दकोशात बऱ्याच शब्दांचे तिन्ही बोलींतले उच्चार माणसाच्या आवाजात आहेत. अबर हे ट्रिनिटी कॉलेजचं साधन आपण टाइप केलेला मजकूर बोली निवडून वाचून दाखवतं. नावांच्या इंग्रजी संकेतस्थळांवरचे उच्चार मी वापरू नयेत असंच सांगेन. तिथे ‘श’ आणि ‘स’चीही गल्लत सापडते.

नाव खरंच जुनं आहे का, हा वेगळा शोध. सीर्शाचा अर्थ स्वातंत्र्य, आणि मुलीचं नाव म्हणून ते विसाव्या शतकातलं. एफ-आय-ए-डी-एच, म्हणजे फीआ, 2021 मध्ये मुलींच्या नावांत देशात पहिलं आलं, पण तेही नाव म्हणून अलीकडचंच. त्यातलं शेवटचं डी-एच ‘हरीण’ या आयरिश शब्दाच्या जुन्या, स्पेलिंग सुधारण्याआधीच्या रूपातलं. नवं असण्यात वाईट काही नाही, फक्त आम्हाला जुनं हवं होतं. सासरच्या घराण्यात काही सापडतं का ते पाहायला 1901 आणि 1911 च्या जनगणनेचे अर्ज राष्ट्रीय अभिलेखागाराने ऑनलाइन मोफत ठेवले आहेत. पण तिथे नाव सरळ सापडत नाही, कारण बहुतेक घरांनी इंग्रजी नावं लिहिली आहेत. तायग शोधायचा असेल तर टिमोथी किंवा थॅडियस बघा, कोनहूर कॉर्नेलियस झालेला असतो, गोबनित अॅबिगेल किंवा डेबोरा, सोरखा सारा. ही जोडपी माहीत नसतील तर आपल्या पणजीचं नाव डोळ्यांसमोरून निघून जातं.

आता मराठी कानाची परीक्षा. क्वीव्हा आम्हाला फार आवडलं होतं, पण नवऱ्याची आजी उत्तरेकडच्या डोनेगॉलची. तिच्या तोंडी कीव्हा, लाडाने कीव, आणि मराठीत ‘कीव’ करायची असते. बाद. एन-ए-ओ-आय-एस-ई हे नीशा ऐकून आपल्याला निशा वाटते, पण जुन्या आयरिश कथांमध्ये नीशा हा देअर्द्रे या नायिकेचा प्रियकर, पुरुष. हल्ली मुलींनाही ठेवतात, तरी घरातल्या वडीलधाऱ्यांना ते पटलं नाही. शीला तर दोन्हीकडे शंभर टक्के बसत होतं: एस, फादावाला आय, एल, ई. हे नाव नॉर्मन लोकांबरोबर आलेल्या सेसिलियाचं आयरिश रूप आहे, पण आयर्लंडमध्ये शतकानुशतकं रुळलेलं. अडचण अशी की फादा गेला की उरतं एस-आय-एल-ई, आणि परका माणूस ते ‘साइल’ वाचतो.

शिवाय आयरिशमध्ये हाक मारताना नाव बदलतं. आपण ‘रामा’, ‘मुलांनो’ म्हणतो तसं शेवटाला नाही, सुरुवातीला: आधी ‘अ’ आणि मग पहिलं व्यंजन मऊ. शीलाला हाक ‘अ हीला’, मॉराला ‘अ वॉरा’, फीआला ‘अ ईआ’, कारण एफपुढे एच आला की तो मुका. मुलांच्या नावांत शेवटचं व्यंजनही बारीक होतं. मूल आयरिश माध्यमाच्या शाळेत जाणार असेल तर दिवसभर हेच ऐकेल, म्हणून हाकेचं रूपही मोठ्याने म्हणून पाहावं. स्कॉटलंडमधलं हेमिश हे नाव शेमसच्या हाकेच्या रूपातूनच आलं आहे. एल, एन, आर आणि स्वरांनी सुरू होणाऱ्या मुलींच्या नावांना हा बदल लिखाणात लागत नाही.

असं करत न्यासा उरली: एन-ई-ए-एस-ए. एनशेजारी ई, म्हणून ‘न्य’. एसच्या दोन्ही बाजूंना ए, म्हणून ‘स’. फादा नाही, हाकेत बदल नाही. न्यासा ही आयरिश दंतकथांमधला अल्स्टरचा राजा कोनहूर याची आई. राजा बापाच्या नव्हे, आईच्या नावाने ओळखला जातो, हे मला फार आवडलं. कथेनुसार तिचं पहिलं नाव असा, म्हणजे सौम्य. तिच्या गुरूंची हत्या झाल्यावर तिने शस्त्र घेतलं आणि ती नि-असा झाली, सौम्य नसलेली. एकच दक्षता: इंग्रजी बोलणारे ‘नेसा’ म्हणतात, आणि ते साताऱ्यात साडी नेसायला सांगितल्यासारखं होतं. म्हणून देवनागरीत ‘न्यासा’ असं लिहून सगळ्यांना आधीच पाठवलं.

नोंदणी जन्मानंतर तीन महिन्यांच्या आत करायची असते. रुग्णालय माहिती पाठवतं, पण सही आई किंवा वडिलांनी करायची असते, त्यासाठी नागरी नोंदणी कार्यालयात जाता येतं. देशातलं कुठलंही कार्यालय चालतं. फादावालं नाव असेल तर ते मोठ्या अक्षरांत, फादासकट, कागदावर छापून न्या. तोंडी सांगू नका. सहीआधी नोंद अक्षर न् अक्षर वाचा, कारण सहीनंतरची दुरुस्ती म्हणजे वेगळा अर्ज आणि पुरावे. सरकारी यंत्रणांनी आयरिश नावं फादासकट लिहावीत अशी तरतूद 2021 च्या राजभाषा दुरुस्ती कायद्यात आहे, पण जुन्या संगणक प्रणालींत फादाच्या जागी प्रश्नचिन्ह किंवा भलतंच चिन्ह उमटतं. दवाखान्याचं पहिलं पत्र आलं की तिथल्या तिथे तपासावं. स्वतः टाइप करताना विंडोजवर आयरिश कीबोर्ड निवडून ऑल्ट-जीआर धरून स्वर दाबायचा, फोनवर स्वर दाबून धरायचा.

आयरिश पासपोर्टवर नाव फादासकट छापतात, पण खाली यंत्राने वाचायच्या दोन ओळींत साधी इंग्रजी अक्षरंच असतात. फादावाला ए तिथे एकच ए होतो, दोन नाही. ओसीआयच्या, म्हणजे परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणाऱ्या कार्डाच्या, अर्जात नाव साध्या अक्षरांत भरायचं. दोघंही पालक भारतीय असतील आणि बाळाचं भारतीय नागरिकत्व घ्यायचं असेल तर दूतावासात वर्षाच्या आत जन्मनोंद करावी लागते. तिथलं स्पेलिंग आयरिश दाखल्यातून फक्त फादा काढलेलं असावं. उच्चार सोपा व्हावा म्हणून जास्तीचा ई किंवा एच घातला की दोन देशांत दोन नावं तयार होतात. विमानाचं तिकीट काढतानाही पासपोर्टच्या त्या खालच्या दोन ओळी पाहूनच नाव भरा.